टोलेडोकडे तोंड केलेला अँटेना

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कॉफीच्या बशीएवढा होता, आणि त्याची कड आतल्या भागापेक्षा गडद होती. पाणी वाळताना आपल्यातला मळ कडेला नेऊन ठेवतं, म्हणून असं होतं. ग्लेन मॅकआल्पिनने खुर्चीवर चढून त्या कडेभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला, म्हणून त्याने दुसरी रेघ ओढली. ऑक्टोबर संपेपर्यंत छतावर एकात एक अशा पाच रेघा झाल्या. पुढची ओढायची वेळ आली तेव्हा ग्लेनने पेन्सिल खिशात ठेवली, कारण या घरात सहा हा आकडा तो शक्यतो टाळत असे.

ग्लेन पिट्सबर्गचा. पिट्सबर्गच्या अमेरिकन फुटबॉल संघाने सहा सुपर बोल, म्हणजे देशाची सहा विजेतेपदं, जिंकले आहेत. त्याचं सासर मात्र क्लीव्हलँडचं, एरी सरोवराच्या काठच्या एका उपनगरातलं. क्लीव्हलँडच्या ब्राउन्सकडे सुपर बोल एकही नाही. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९६४ सालचं, म्हणजे सुपर बोल नावाची गोष्ट जन्मायच्याही आधीचं. या दोन गावांत सोयरीक होतच नाही असं नाही, पण झाली की लोक मुलीच्या बापाचा हात जरा जास्त वेळ हातात धरतात. तीस वर्षांपूर्वी ग्लेनने लिडिया झुपानशी लग्न केलं, आणि त्या दिवसापासून सासरच्या गल्लीत त्याला नाव उरलं नाही. सासरे, शेजारी, कोपऱ्यावरची बेकरीवाली, सगळे त्याला 'पिट्सबर्ग' म्हणत. त्यानेही मग काही पथ्यं पाळली. बेकरीत डोनट घ्यायला गेला की तो पाच मागायचा, नाहीतर सात.

डाग होता सासऱ्यांच्या खोलीत, नेमका त्यांच्या उशीच्या वर. अलोज झुपान एकोणनव्वद वर्षांचे होते. त्यांनी आपल्या परीने उपाय केला होता. उशीवर सूपचं मोठं पातेलं ठेवलं होतं आणि स्वतः ते पलंगावर तिरके झोपत होते. लिडियाने खालच्या खोलीत झोपा म्हणून विनवलं, तर म्हणाले, "पाणी पातेल्यात पडतंय. मी पातेल्यात झोपत नाही. मग अडचण कुणाची आहे?"

अडचण छपराची होती. ग्लेन चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवण्याचं काम करतो, त्यामुळे अंदाजावर त्याचा विश्वास नाही. तो शिडी लावून वर गेला. छपराच्या मध्यावर, धुराड्याच्या शेजारी, लोखंडी खांबावर एक भलामोठा अँटेना उभा होता, माशाच्या काट्यासारखा. खांबाच्या बुडाशी ग्लेनने बोट टेकवलं, तर ते लाकडात पेरभर आत गेलं. अँटेना उतरवल्याशिवाय छप्पर दुरुस्त होणार नव्हतं, आणि बर्फाआधी छप्पर दुरुस्त झालं नाही तर छत पलंगावर येणार होतं. हे त्याने जेवताना सांगितलं. लिडियाने हातातला काटा खाली ठेवला. अलोजनी ठेवला नाही.

"हंगाम संपू दे, मग बघू," ते म्हणाले.

भांडी पुसताना लिडियाने सांगितलं की हे वाक्य ती शाळेत असल्यापासून ऐकतेय. आई म्हणायची, तो सांगाडा काढा, तेव्हाही हेच उत्तर. हंगाम दर वर्षी संपायचा, बहुतेक वर्षी अपेक्षेपेक्षा लवकरच संपायचा. पण त्यापुढचं 'मग बघू' कधी आलंच नाही.

त्या अँटेनाची गोष्ट गल्लीतल्या लहान पोरालाही पाठ होती. त्या काळी घरच्या मैदानावरचा सामना त्याच शहरात टीव्हीवर दाखवायला बंदी होती, लोकांनी तिकीट काढून मैदानात यावं म्हणून. पंचाहत्तर मैलांच्या आत पडदा कोरा. १९६४ चा अंतिम सामना क्लीव्हलँडमध्ये होता, म्हणून अख्ख्या देशाला दिसणार होता आणि क्लीव्हलँडला दिसणार नव्हता. पैसेवाले लोक गाड्या काढून दूरच्या गावी मोटेलात खोल्या घेऊन बसले. अलोज तेव्हा तिशीला टेकलेले, कारखान्यात लेथवर काम करणारे. त्यांनी कारखान्यातल्या भंगारातून हा खांब उभा केला आणि अँटेनाचं तोंड पश्चिमेला, त्या पंचाहत्तर मैलांपलीकडच्या टोलेडो शहराकडे वळवलं. सरोवराच्या पाण्यावरून टोलेडोचं चित्र आलं. निम्मी गल्ली त्यांच्या बैठकीत मावली. ब्राउन्स जिंकले, सत्तावीस-शून्य. त्यानंतर अँटेना कुणी हलवला नाही.

बंदी कधीच उठली होती. केबल आली होती. पण रविवारी एक वाजता केबल उपटून जुनी तार जोडायची आणि टोलेडोकडे तोंड केलेल्या त्या अँटेनाने क्लीव्हलँडचं चित्र डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं तसं पकडायचं, हा रिवाज होता. दुसरा रिवाज बसण्याचा. प्रत्येकाने १९६४ च्या जागीच बसायचं. जे वारले त्यांच्या जागी त्यांची मुलं, आणि मुलं गाव सोडून गेली असतील तर जागा रिकामी. सोफ्यावर अलोजच्या शेजारची जागा मिलान ग्रॅडिशारची होती. मिलान वारून वीस वर्षं झाली, तरी त्याची बायको बर्निस पलीकडच्या स्टुलावरच बसायची, कारण त्या दिवशी ती स्टुलावर होती. ग्लेन तर तेव्हा जन्मलाच नव्हता. त्याला जिन्याची तिसरी पायरी मिळाली. तिथून कठड्यामुळे पडद्याचा डावा अर्धाच दिसतो. क्लीव्हलँडचे तीस वर्षांतले सगळे पराभव ग्लेनने डाव्या बाजूने पाहिले होते.

त्याने कामाला सुरुवात केली ती छपरवाल्यापासून. डेमेट्रियस बँक्स नावाचा माणूस शिडी घेऊन आला, वर चढला, खांबाला बांधलेली ब्राउन्सच्या रंगाची नारिंगी फीत पाहिली आणि होता तसा खाली उतरला. त्याने टोपी काढली.

"हा तोच का?" त्याने विचारलं.

ग्लेन म्हणाला, तोच.

"साहेब, मी छपरं करतो. इतिहास करत नाही. तुम्ही तो उतरवा, मग मला बोलवा. आणि मी आलो होतो हे माझ्या आजोबांना कळू देऊ नका."

मग ग्लेन उपनगराच्या बांधकाम खात्यात गेला. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे समजावलं की उतरवण्याचा परवाना उभारलेल्या गोष्टीचाच मिळतो. त्यांच्या दप्तरी या पत्त्यावर कसलाही खांब उभारल्याची नोंद नव्हती, म्हणून खांब नव्हता. नसलेली वस्तू उतरवायची परवानगी त्या कशी देणार? ग्लेनने विचारलं, मग आधी उभारण्याचा परवाना घेऊ का? त्या म्हणाल्या, घ्या, पण एवढ्या उंचीला परवाना मिळत नाही, आणि परवाना नाकारला तर बेकायदा वस्तू म्हणून तो जिथे आहे तिथेच ठेवावा लागेल, चौकशी पुरी होईपर्यंत. एवढं बोलून झाल्यावर त्यांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला. त्यांचा आवाज खाली आला.

"माझी आई त्या दिवशी तुमच्या सोफ्याच्या मागे उभी होती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. तेव्हा साडेदहा वाजले होते, सकाळचे.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. बर्निस पोटिका, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, घेऊन आली होती, शेजारचा टेड ओब्लाक होकायंत्र घेऊन. बैठकीत आणखी सात-आठ जण होते आणि ग्लेनच्या वाट्याला नेहमीची पायरी होती. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, खांब तसाच ठेवून भोवतालचं छप्पर कापून काढा. कुणी म्हणालं, खांबावर मोठी छत्री बसवा, पाणीच खाली येणार नाही. टेडचं मत असं की घरच थोडं उचलून खालून टेकू द्यावा. खाली येताना अँटेनाची दिशा अंशभरही बदलता कामा नये, म्हणून त्याने होकायंत्र आणलं होतं. एकानं पाद्री बोलवायचं सुचवलं. मग एक म्हातारा हळूच म्हणाला की ज्यांच्या कपाटात अर्धा डझन आहेत त्यांना आमच्या एकाचं काय, आणि सगळे जिन्याकडे बघायला लागले.

ग्लेनला ते लागलं. तीस वर्षांत त्याने त्या कपाटाचा उल्लेख केला नव्हता. पिट्सबर्गच्या साउथ साइड भागात त्याच्या आजोबांनी चाळीस वर्षं हरणारा संघ बघितला होता आणि पहिलं विजेतेपद येण्याआधीच्या उन्हाळ्यात ते वारले होते. हेही त्याने इथे कधी सांगितलं नव्हतं, कारण इथे ते कमीच भरलं असतं. पण त्या संध्याकाळी तो पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "हा अँटेना साठ वर्षं हललेला नाही. साठ वर्षं तुम्ही हरताय. हलवून बघायला काय हरकत आहे?"

टेडने होकायंत्राचं झाकण मिटलं.

"ते आमच्या लक्षात आलं नसेल असं वाटतं तुला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पण हलवला, आणि तरी हरलो, तर? मग आमच्याकडे काय राहिलं?"

ग्लेन खाली बसला. त्याला ती तीन वर्षं आठवली. मालकाने संघच उचलून बाल्टिमोरला नेला होता, क्लीव्हलँडला संघच नव्हता, आणि तरीही रविवारी एक वाजता ही माणसं आपापल्या जागी येऊन बसत. टीव्ही बंद, पोटिका कापलेली. एकमेकांची विचारपूस करून चारच्या सुमारास उठून जात. पुढे तोच उचललेला संघ बाल्टिमोरमध्ये विजेता झाला. त्या रात्री अलोज बाहेर येऊन घराची पायरी झाडत राहिले होते. आणि तो हंगाम, ज्यात ब्राउन्स सोळापैकी सोळा सामने हरले. तेव्हा हजारो लोकांनी कडाक्याच्या थंडीत मैदानाभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली. अलोज तेव्हा ऐंशी ओलांडलेले, ग्लेनचा दंड धरून ते अख्खं शून्य चालले होते. पिट्सबर्गमध्ये एखाद्या वर्षी संघ हरला तर लोक प्रशिक्षकाला काढा म्हणून रेडिओवर फोन करतात. ग्लेनला वाटलं, आपल्या गावाला जिंकता येतं, पण हे येत नाही.

तरी पाणी पडतच होतं. मंगळवारी बर्फ येणार असं हवामानवाले सांगत होते. ग्लेनने ठरवलं की निदान निळी ताडपत्री खांबाच्या बुडाशी घट्ट बांधून टाकावी. अँटेनाला हात लावायचा नाही, फक्त बूड झाकायचं. आणि हे रविवारी सामना चालू असताना करायचं, कारण आठवड्यातला तेवढाच वेळ गल्लीतल्या कुणाची नजर छपराकडे नसते. दुसरं कारण त्याने लिडियालाही सांगितलं नाही. त्या रविवारी पाहुणा संघ पिट्सबर्गचा होता, आणि अशा दिवशी घराबाहेर असलेलं बरं असतं.

सामन्याचा चौथा आणि शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा तो वर होता. गुण सारखेच चालले होते असं खालच्या शांततेवरून कळत होतं. त्याने ताडपत्री उलगडली आणि सरोवरावरून वारा आला. ताडपत्री त्याच्या हातातून सुटली, खांबाला गुंडाळली गेली आणि शिडासारखी फुगली. खांबाला ताणून धरणारी एक तार तुटली. खांब वाकला. शिडी निवांतपणे घसरून अंगणात आडवी झाली. त्याच क्षणी खालून एकाच वेळी दहा माणसांचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला. चित्र गेलं होतं.

टेड अंगणात आला. वर बघून तो म्हणाला, "पिट्सबर्ग, आम्ही तुला घरात घेतलं. पोटिका दिली."

ग्लेनने ताडपत्री सोडवून फेकली आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून तो सरळ केला. घरातून आरोळी आली, "आलं." त्याने हात सैल केले. "गेलं." पुन्हा मिठी मारली. "आलं."

"हलू नकोस," टेड म्हणाला आणि आत गेला. शिडी उचलायची राहिली.

अलोजच्या खोलीची खिडकी धुराड्याच्या अगदी खाली होती. ती उघडली आणि बर्निसने डोकं बाहेर काढलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई दोन जिने चढून आली होती. जिन्याच्या टोकाला लिडिया उभी होती. ती खालचं बघून सांगायची आणि बर्निस ते वर पोचवायची.

"डावा पाय धुराड्याला लाव," बर्निस म्हणाली. "खांब खांद्यावर घे, हाताने धरू नको. हात बधिर होतात. अलोजनं तसंच केलं होतं."

ग्लेनने पाय लावला. मग विचारलं, "कधी?"

"कधी म्हणजे? चौसष्टला. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य, आणि मग असाच वारा सुटला. चित्र जायला लागलं. अलोज वर आला आणि त्यानं धरलं, तेव्हा ते थांबलं. सोडलं की पुन्हा जायचं, म्हणून उरलेला अर्धा सामना त्यानं इथेच काढला. मी खाली बघून यायचे आणि याच खिडकीतून सांगायचे त्याला."

"म्हणजे पॉपनी सामना बघितलाच नाही?" सासऱ्यांना ग्लेन पॉप म्हणे.

"शून्य-शून्य बघितला की," बर्निस म्हणाली. "सत्तावीस आम्ही बघितले. तुला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक आहे. तू कधी विचारलं नाहीस."

ग्लेनने खांब खांद्यावर घेतला. गंज त्याच्या कोटाला, गालाला लागला. लोखंड थरथरत होतं आणि ती थरथर त्याच्या दातांपर्यंत येत होती. वरून सगळी गल्ली दिसत होती, ओळीने छपरं, पलीकडे शिशाच्या रंगाचं सरोवर, रस्त्यावर एकही माणूस नाही. चेंडू दोन हात पुढे गेला की सगळ्या घरांतून एक हुंकार उठायचा. भिंतींतून, खिडक्यांतून, धुराड्यांतून तो एकदमच यायचा, जणू घरंच बोलतायत. पुन्हा गप्प. ग्लेनने आयुष्यात कितीतरी सामने पाहिले होते. असा सामना त्याने कधी ऐकला नव्हता. याच जागी एक तिशीला टेकलेला माणूस उभा राहिला होता, त्याने हे सगळं ऐकलं होतं आणि काही बघितलं नव्हतं, आणि नंतर साठ वर्षं दर रविवारी एक वाजता तो सोफ्यावर बसला होता. अँटेना कशासाठी ठेवलाय ते ग्लेनला तेव्हा कळलं. अलोज आठवण जपत नव्हते. ते वाट बघत होते.

ग्लेनच्या टाचेखाली काहीतरी मऊ खचलं. खोलीत धप्प आवाज झाला, पातेलं वाजलं, आणि खिडकीतून पांढरी धूळ बाहेर आली. बर्निसच्या केसांवर चुना पडला होता. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"छत पडलं," ती म्हणाली. "नंतर बघू. आपले शेवटची किक मारायला आलेत."

ग्लेनने डोळे मिटून खांब धरला. आपल्याच गावाविरुद्धची किक सरळ जावी असं त्याला वाटत होतं, आणि त्यात काही विचित्र आहे हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. मग घरं ओरडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी घरं.

"गेली," बर्निस म्हणाली. "गोलाच्या खांबांच्या मधोमध. तुझे हरले, पिट्सबर्ग. छान धरलंस."

शिडी परत लागायला बराच वेळ गेला, कारण सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. ग्लेन खाली उतरून अलोजच्या खोलीत आला तेव्हा मंडळी पलंगाभोवती उभी होती. छताचा तुकडा बरोबर उशीवर पडला होता, पेन्सिलीच्या पाचही रेघांसकट. पातेलं चेपलं होतं. वरच्या भोकातून आभाळाचा एक राखाडी चौकोन दिसत होता. अलोज एकेक पायरी चढून आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

टेडच्या डोक्यात योजना तयारच होती. अँटेना धरला की जिंकतो हे आता दोनदा सिद्ध झालं आहे. तेव्हा इथून पुढे दर रविवारी पिट्सबर्गने वर थांबावं, विजेतेपद येईपर्यंत. त्याला जाड कोट देऊ. गरम सूप दोरीने वर पाठवू. बर्निस खिडकीत आहेच. सगळ्यांना ते पटलं. आश्चर्य म्हणजे ग्लेनलाही पटलं. तो मान हलवत होता. कोट कुठला घालावा याचाही विचार त्याने सुरू केला होता.

अलोज त्याच्या हातांकडे बघत होते. तळवे गंजाने तपकिरी-नारिंगी झाले होते.

"शेवटची किक बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, पॉप."

"मग कळलं कसं?"

"बर्निसबाईंनी सांगितलं."

"मलाही हिनंच सांगितलं होतं." अलोजनी पलंगावर पडलेला चुना हाताने झटकला आणि शेजारी जागा केली. ग्लेन बसला. "सांगते छान. ऐकताना दिसतं अगदी. पण मी साठ वर्षं ऐकतोय, तरी तो चेंडू मला अजून दिसलेला नाही."

बर्निस चुना पडलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"मी म्हणायचो, पुन्हा तशी वेळ आली तर वर दुसरं कुणीतरी धरेल आणि मी खाली बसून बघेन, म्हणून राहू दे," अलोज म्हणाले. "ते कुणीतरी कोण असेल, याचा विचार केला नव्हता."

टेड खाकरला. तो मायेने म्हणाला, "बघू ना, अलोज. हंगाम तर संपू दे."

खोलीतले सगळे जरा सैल झाले. ते ओळखीचं वाक्य होतं. लिडियाने खिडकी लावायला हात पुढे केला. अलोजनी भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी. बर्फ पडायच्या आत. ग्लेन, तो अँटेना उतरव."